वेळ वाचवू की पैसे? प्रवास ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आणि नात्यात तिकिटं काढायचं काम गेली पंधराएक वर्षं माझ्याकडे आहे. गणपतीत कोकण, दिवाळीत नागपूर, मे महिन्यात गोवा, आणि लग्नकार्य असेल तिथे. दर वेळी फोनवर तेच प्रश्न येतात. उत्तरं शोधताना या विषयावर झालेलं संशोधनही वाचत गेले, आणि पैशाचा हिशेब आपण जितक्या काटेकोरपणे करतो तितक्याच सैलपणे वेळेचा करतो हे हळूहळू ध्यानात आलं. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकत्र लिहिते आहे. खालचे हिशेब साधारण आहेत. तुमच्या घराचं अंतर आणि तुमच्या तारखेचं भाडं त्यात घालून बघा.

मुंबईहून गोव्याला विमानाने गेलं तर खरंच वेळ वाचतो का?

वाचतो, पण वाटतो त्यापेक्षा बराच कमी. विमान हवेत असतं सव्वा तास. तेवढाच आकडा डोक्यात बसतो आणि त्याची तुलना वंदे भारतच्या पावणेआठ तासांशी होते. इथेच गफलत होते, कारण एक आकडा आकाशातला आहे आणि दुसरा जवळजवळ अख्ख्या प्रवासाचा.

डोंबिवलीचं कुटुंब मडगावला नातेवाइकांकडे निघालंय असं धरू. घरातून विमानतळ पावणेदोन तास. तिथे दोन तास आधी पोचायचं. सव्वा तास उड्डाण. बॅगा येईपर्यंत अर्धा तास. गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी विमान उत्तरेकडच्या मोपाला उतरलं तर पेडण्यापासून मडगावपर्यंत दीड तास. झाले सात तास. आता रेल्वे: डोंबिवलीहून ठाणे अर्धा तास, फलाटावर अर्धा तास आधी, ठाण्याहून मडगाव साधारण सात तास, स्टेशनवरून घर पंधरा-वीस मिनिटं. म्हणजे सव्वाआठच्या आसपास. फरक उरला सव्वा तासाचा. मडगावला जवळ असलेल्या दाबोळीला उतरलात तर तो दोन तासांवर जाईल. चार जणांच्या भाड्यातला फरक या दोन तासांसाठी द्यायचा का, हा खरा प्रश्न आहे. साडेसहा तासांसाठी द्यायचा का, हा नाही.

विमानाचे सात तास पाच तुकड्यांत येतात. गाडी, रांग, खुर्ची, पट्टा, पुन्हा गाडी. रेल्वेतले सात तास सलग मिळतात. त्यात झोप होते, पुस्तक वाचून होतं, खिडकीतून वाशिष्ठी दिसते. घड्याळात दोन्ही तास सारखेच, पण हाती लागतात ते वेगळे.

पावसाळ्यात हिशेब बदलतो. कोकण रेल्वेचं तेव्हा वेगळं, सावकाश वेळापत्रक असतं आणि वंदे भारतलाही दहाएक तास लागतात. नागपूरचं गणित तर पूर्ण उलटं. तिथे रेल्वेने अख्खी रात्र जाते आणि विमान दीड तासात पोचतं. विमानतळावरचे दोन तास दोन्हीकडे सारखेच, पण अंतर मोठं असलं की ते खुपत नाहीत.

रिक्षावाल्याशी वीस रुपयांवरून वाद घालतो, आणि विमानाच्या तिकिटात हजार रुपये जास्त गेले तरी काही वाटत नाही. असं का होतं?

कारण आपण रुपया मोजत नाही, त्याचं प्रमाण मोजतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९८१ मध्ये यावर एक साधा प्रश्न विचारून पाहिला. कॅल्क्युलेटर १५ डॉलरचं आहे, आणि वीस मिनिटांच्या अंतरावर दुसऱ्या दुकानात ते ५ डॉलरने स्वस्त मिळतं. जाल का? ६८ टक्के लोक म्हणाले, जाऊ. मग दुसऱ्या गटाला तेच विचारलं, फक्त कॅल्क्युलेटर १२५ डॉलरचं केलं. वाचणार तेच ५ डॉलर, जाणार तीच वीस मिनिटं. पण जायला तयार झाले फक्त २९ टक्के.

प्रवासात हे रोज घडतं. स्टेशनपासून घरापर्यंत ऐंशी रुपये वाचवायला सामान घेऊन अर्धा तास बसची वाट बघतो, आणि सहलीच्या तिकिटात वेळेवर न बघितल्यामुळे दोन हजार जास्त गेले तर "एवढा खर्च होतोच आहे, त्यात काय" म्हणतो. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी याला मनातली खाती म्हटलं. रोजच्या प्रवासाचं खातं वेगळं, सहलीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. आपल्या आया डाळीच्या डब्यात एक, तांदळाच्या डब्यात दुसरी अशी रक्कम ठेवायच्या, तसंच. डबे वेगळे ठेवण्यात शिस्त असते, आणि कष्टाने उभ्या केलेल्या संसारात त्या शिस्तीचा फार उपयोग झाला आहे. फक्त मोठ्या डब्यातून शंभराची नोट गेली तर ती नव्वदची होत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

मी एक सवय लावून घेतली आहे. वाचणारी रक्कम तिकिटाच्या किमतीशी ताडून बघत नाही. ती कागदावर वेगळी लिहिते आणि विचारते, एवढ्या पैशात घरात काय येईल?

माझ्या एका तासाची किंमत किती धरायची?

गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये वेळेच्या वाटणीवर जो लेख लिहिला, त्यानंतर अर्थशास्त्रात वेळेला रीतसर भाव आला. पूल किंवा रस्ता बांधायचा तर वाचणाऱ्या वेळेची रक्कम काढावीच लागते. अमेरिकेच्या परिवहन खात्याची पद्धत अशी: गावातल्या गावात खासगी कामासाठी प्रवास असेल तर तासाची किंमत ताशी उत्पन्नाच्या ५० टक्के, एका शहरातून दुसऱ्या शहरात खासगी प्रवास असेल तर ७० टक्के, आणि कामासाठी असेल तर १०० टक्के.

पूर्ण का नाही? रविवारी दुपारचा तास वाचला म्हणून कुणी त्याचा पगार हातात ठेवत नाही. तो तास आपल्यालाच वापरायचा असतो, आणि त्याची किंमत तो कशात जाणार यावर ठरते. तासभर लवकर पोचून आजारी वडिलांजवळ बसायचं असेल तर त्या तासाला भावच लावता येणार नाही. तासभर लवकर पोचून हॉटेलची खोली तयार व्हायची वाट बघायची असेल तर तो तास विकत घेण्यात अर्थ नाही.

ही उत्पन्नाची पद्धत रस्त्यांसाठी ठीक, घरासाठी मला मान्य नाही. तिने हिशेब केला तर विद्यार्थ्याचा तास स्वस्त, गृहिणीचा जवळजवळ फुकट आणि मॅनेजरचा महाग ठरतो. नोकरदाराने तासाऐवजी रजेत मोजावं. वर्षाला आठ किरकोळ रजा असतील तर प्रवासात गेलेला एक दिवस म्हणजे अख्ख्या वर्षाचा आठवा हिस्सा. असं मांडलं की रात्रीची गाडी, थोडं महाग पण थेट तिकीट, यांची किंमत आपोआप कळते. निवृत्त माणसाचं उलट. त्याच्याकडे दिवस आहेत, म्हणून त्याने गर्दीच्या तारखा सोडून मंगळवार-बुधवारी निघावं. तेवढ्यानेच भाड्यात बरीच रक्कम वाचते.

गाडीत तीन तास सहज जातात, फलाटावर अर्धा तास जात नाही. हा नुसता भास का?

भास नाही. वाहतुकीचं नियोजन करणारेही वाट बघण्याची आणि चालण्याची मिनिटं गाडीत बसलेल्या मिनिटांच्या साधारण दुप्पट धरतात, कारण ती टाळण्यासाठी लोक खरोखर तेवढी किंमत मोजतात. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना कारणं सांगितली: रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसेल तर लांब वाटतो, का थांबलो ते कुणी सांगत नसेल तर आणखी लांब वाटतो, आणि एकट्याने थांबणं सोबतीने थांबण्यापेक्षा लांब वाटतं.

एसटी स्टँडवर बसलेल्या माणसाला ही चारही दुःखं एकदम भेटतात. गाडी कुठवर आली ते मोबाइलवर दिसायला लागल्यापासून निदान एक कमी झालं. गाडी मिनिटभरसुद्धा लवकर येत नाही, पण "कणकवली सुटली" एवढं कळलं की माणूस निवांत चहा घेऊ शकतो. प्रवास निवडताना म्हणूनच एकूण तास बघू नका, त्यातले थांबण्याचे किती आणि बदलण्याचे किती ते बघा. दोन ठिकाणी गाडी बदलून सहा तासांत पोचण्यापेक्षा सलग सात तास बरे. तेही सामान आणि मूल बरोबर असेल तर नक्कीच.

मुंबईबाहेर पडताना अटल सेतूवरून जायचं की वाशीवरून? टोल द्यायला जीव का होत नाही?

खाडीवरच्या अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. लांबी २१.८ किलोमीटर, मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये. मुंबईतल्या शिवडीहून पलीकडच्या चिर्ल्याला वीसेक मिनिटांत पोचता येतं. तरी पुष्कळ गाड्या आजही वाशीच्या गर्दीतून जातात.

२५० रुपये एकरकमी, एकाच ठिकाणी, नाव घेऊन कापले जातात. वाशीच्या बाजूने गेल्यावर जळणारं जास्तीचं पेट्रोल, क्लचवरचा पाय, चिडचिड हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी थोडं थोडं जातं आणि कुठल्याच पावतीवर छापून येत नाही. जो खर्च दिसतो तो बोचतो. त्यातून एक गमतीचा शोध अमेरिकेत लागला. रोख टोल जाऊन आपोआप कापला जाणारा टोल आला, तेव्हा लोकांना आपण किती भरतो ते नीट सांगता येईना. अर्थतज्ज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांनी २००९ मध्ये दाखवलं की अशा रस्त्यांवर टोलचे दर कालांतराने एरवी असते त्यापेक्षा २० ते ४० टक्के वर गेले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. मुंबईहून नागपूरला जाऊन आल्यावर एकूण टोल किती गेला, हे न बघता किती जणांना सांगता येईल?

सेतूबद्दल माझं मत असं: एकटेच असाल, रविवारची सकाळ असेल, तर वाशीवरून जा. गाडीत चार जण आणि संध्याकाळची वेळ असेल तर २५० रुपयांचे माणशी साठएक रुपये होतात, आणि त्यात प्रत्येकाचा पाऊण तास वाचतो. टोल भरणारा फक्त स्वतःचा पाऊण तास मोजतो. मागे बसलेल्या तिघांचा त्याने धरलेलाच नसतो. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

वेटिंगचं स्वस्त तिकीट ठेवून बघावं का, की आधीच महाग पण पक्कं काढावं?

पैशाच्या बाबतीत माणूस कधीकधी जुगार खेळतो, वेळेच्या बाबतीत त्याला पक्कं उत्तर हवं असतं. लक्लेर, श्मिट आणि द्यूबे या संशोधकांना १९९५ मध्ये हेच दिसलं. नक्की तासभर थांबणं आणि "कदाचित अर्धा, कदाचित दीड" यांत लोक नक्की तासभर निवडतात. त्याला व्यवहारी कारण आहे. वाचलेला रुपया खिशात राहतो आणि उद्या चालतो. आज वाचलेला अर्धा तास उद्यासाठी ठेवता येत नाही, आणि आज बुडालेला उद्या भरूनही काढता येत नाही.

गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या आरक्षण उघडल्यावर मिनिटांत भरतात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, ऑक्टोबर २०२४ पर्यंत १२० दिवस होते. चतुर्थीला घरी पोचायचंच असेल, पूजा तुमच्या हातची असेल, तर वेटिंगवर भरवसा ठेवू नका. त्या दिवशी उशीर म्हणजे नुसते तास नाहीत. साध्या सुट्टीसाठी जाणार असाल तर ठेवा वेटिंग, दुसरी गाडीही बघून ठेवा.

तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, पण आता जावंसं वाटत नाही. तरी जायचं का?

हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५ चा प्रयोग नेमका यावर आहे. तुम्ही मिशिगनच्या बर्फावरच्या सहलीचं १०० डॉलरचं तिकीट काढलंत आणि विस्कॉन्सिनच्या सहलीचं ५० डॉलरचं. विस्कॉन्सिनला जास्त मजा येईल असं तुम्हालाच वाटतं. मग कळलं, दोन्ही एकाच तारखेला आहेत आणि पैसे कुठलेच परत मिळणार नाहीत. निम्म्याहून जास्त लोकांनी मिशिगन निवडलं. कमी आवडणारी सहल, फक्त तिच्यासाठी जास्त मोजलेत म्हणून.

पैसे गेलेच आहेत. घरी बसलात तरी गेले, तापात उठून गेलात तरी गेले. प्रश्न फक्त पुढच्या दोन दिवसांचा उरतो.

वेळेच्या बाबतीत मात्र आपण इतके अडकत नाही. दिलीप सोमण यांनी २००१ मध्ये दाखवलं की गुंतवलेल्या पैशामागे माणूस जसा धावतो तसा गुंतवलेल्या वेळेमागे धावत नाही, कारण वेळेचं खातं मनात नीट मांडलेलंच नसतं. पण वेळेची रुपयांत किंमत काढायला शिकवलं की तोच दोष तिथेही शिरतो. मला हे फार विचार करायला लावणारं वाटतं. प्रत्येक तासाला भाव लावायची सवय वाटते तितकी निरुपद्रवी नाही.

समृद्धीवर वेगाने गेलं की भरपूर वेळ वाचतो ना?

७०१ किलोमीटरच्या या रस्त्याने मुंबई-नागपूर सोळा तासांवरून आठ तासांच्या आसपास आलं, हे खरं. शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. पण हा फायदा रस्त्याचा आहे, पाय दाबण्याचा नाही.

१०० किलोमीटर अंतर घ्या. वेग ताशी ४० वरून ६० वर नेला तर १५० मिनिटांचे १०० झाले, ५० मिनिटं वाचली. १०० वरून १२० वर नेला तर ६० ची ५० झाली, वाचली फक्त १०. दोन्हीकडे वेग २० नेच वाढला. आपल्या मनाला मात्र दुसऱ्या उडीतही तेवढंच वाचल्यासारखं वाटतं. स्वीडनचे ओला स्वेन्सन यांनी ही चूक वर्षानुवर्षं अभ्यासली. वेळ खरंच वाचवायचा असेल तर तो गावातल्या कोंडीत, टोलनाक्यावर, उशिरा निघण्यात शोधा. मोकळ्या रस्त्यावरची ती दहा मिनिटं चहाच्या थांब्यासाठी द्यावीत.

रात्रीच्या बसने गेलं की दिवसही वाचतो आणि हॉटेलचं भाडंही. मग रात्रीच का जाऊ नये?

जा, पण रात्र फुकट आहे असं समजून जाऊ नका. झोपेचे तास आपण हिशेबात शून्य धरतो. नीट झोप न झालेल्या माणसाचा पुढचा अख्खा दिवस अर्धाच उरतो, म्हणजे वाचलेला दिवस पूर्ण वाचलेला नसतो. आणि त्या गाडीत एक माणूस असा असतो ज्याने रात्रभर जागायचंच असतं.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जणांचा जीव गेला. त्यात नोकरीसाठी, शिक्षणासाठी निघालेली तरुण मुलंमुली होती. ते घरी कळलं तेव्हापासून बस निवडताना मी भाडं आणि वेळ यांच्या आधी दुसरे प्रश्न विचारते: चालक दोन आहेत का, मागचं दार उघडतं का, आपत्कालीन खिडकी कुठे आहे. शंभर-दोनशे रुपये वाचतात म्हणून हे प्रश्न सोडू नयेत. शक्य असेल तिथे रात्रीसाठी रेल्वेच घ्यावी असं माझं मत आहे.

घरात एकमत होत नाही. एकाला स्वस्त हवं, दुसऱ्याला लवकर. कुणाचं ऐकावं?

ज्याचा वेळ जाणार आहे त्याचं. पण तो कोण, हेच आधी शोधावं लागतं.

पहाटे पाच पंचवीसच्या गाडीचं तिकीट काढणारा म्हणतो, "दुपारी एकला पोचतो, दिवस वाया जात नाही." त्याच्या दृष्टीने प्रवास सकाळी साडेचारला सुरू होतो. स्वयंपाकघरात तो आदल्या संध्याकाळीच सुरू झालेला असतो. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, मुलासाठी दहीभात, सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा, गॅस बंद, झाडांना पाणी, किल्ली शेजारी. आलं घर की पुन्हा कपड्यांचा ढीग. हे तास कुठल्याच वेळापत्रकात नाहीत. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटं. प्रवासाच्या आदल्या आणि परतीच्या दिवशी ही दरी आणखी रुंदावते, असं मी दर वर्षी बघते.

मी स्वतः यात चुकले आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही सात जण एका लग्नाला निघालो होतो. थेट गाडीचं तिकीट महाग पडत होतं, म्हणून मी एका जंक्शनवर गाडी बदलायचं ठरवलं. सात जणांचे मिळून साडेतीन हजार वाचले, घरात कौतुकही झालं. त्या जंक्शनवर रात्री तीन तास थांबायचं होतं. आम्ही तरुण मंडळी गप्पा मारत, चहा पीत होतो. आत्या बॅगेवर बसून होती. तिचे पाय सुजून चपलेत मावेनासे झाले होते. जिना चढून पलीकडच्या फलाटावर जाताना तिने दोनदा कठडा धरून दम घेतला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आत्या, मला आधी बोलली का नाहीस गं?"

ती म्हणाली, "तू एवढी खटपट करून सगळ्यांची तिकिटं काढलीस बाळा, मी काय बोलायचं?"

साडेतीन हजारांची बचत माझ्या नावावर लागली होती आणि तिची किंमत आत्याच्या पायांनी भरली होती. पैसा जाताना सगळ्यांना दिसतो. वेळ जाताना फक्त ज्याचा जातो त्याला दिसतो. आणि घरात जो बोलत नाही त्याचा वेळ सगळ्यात स्वस्त धरला जातो.

तेव्हापासून मी तिकीट काढण्याआधी प्रत्येकासाठी वेगळी ओळ लिहिते: ती व्यक्ती उठणार किती वाजता आणि अंथरुणाला पाठ टेकणार किती वाजता. गाडीची वेळ नाही, माणसाची. सात ओळी शेजारी शेजारी लिहिल्या की भांडण बहुतेक वेळा तिथेच मिटतं. ज्याची ओळ सर्वांत लांब, त्याला विचारून ठरवायचं. वयस्कर माणसं "माझं काय, मला काही चालेल" म्हणतात. त्यांना असं विचारू नका. "आई, मध्ये जिना आहे, चालेल का?" असं विचारा.

एसटीत अर्धं तिकीट, ज्येष्ठांना फुकट. याने खरंच काही बदललं का?

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत झाली, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मं भाडं. मोफत ही फक्त स्वस्ताची पुढची पायरी नसते. २००७ मध्ये शांपानिए, मझार आणि ॲरिएली यांनी चॉकलेटवर प्रयोग करून दाखवलं की किंमत एक सेंटवरून शून्यावर आली की लोकांची निवड एकदम पालटते.

माझ्या माहेरच्या गावातल्या आज्या आता लेकीकडे, बहिणीकडे, पंढरपूरला जातात. पूर्वीही त्यांच्याकडे वेळ होता. नव्हती ती "उगाच खर्च कशाला" हे वाक्य गिळायची मोकळीक. मुलाकडे शंभर रुपये मागणं हीच त्यांच्यासाठी तिकिटाची खरी किंमत होती. लालपरी तीच, वेग तोच, खड्डेही तेच. पण ज्यांनी जन्मभर आपल्या वेळेला भाव दिला नाही त्या बायका स्वतःच्या मर्जीने वार ठरवून निघतात, ते बघून फार बरं वाटतं.

पॅकेज सहल महाग असते. तरी लोक का घेतात?

ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ मध्ये लिहिलं की कपडे धुण्याचं यंत्र लोकांना हप्त्यांवर आवडतं, सहल मात्र आधी पैसे भरून. यंत्र वर्षानुवर्षं चालतं तसे हप्तेही चालतात. सहल संपल्यावर हप्ते राहिले तर आठवणीला कर्जाचा वास लागतो. आधी भरून टाकलं की तिथे जेवण, गाडी, प्रवेश सगळं फुकट असल्यासारखं वाटतं. मीटर पळताना बघत टॅक्सीत बसण्याचा ताप नाही. वडील प्रत्येक चहाला किंमत विचारत असतील तर त्यांना पॅकेजनेच न्या. स्वतः शोधाशोध करण्यात आनंद असेल तर ते पैसे वाचवा, फक्त त्या शोधात गेलेल्या संध्याकाळी मोजायला विसरू नका.

पाच दिवस जावं की दहा?

आठवण दिवस मोजत नाही. कानेमन यांच्या कामातून दिसलं की गेलेल्या अनुभवाचा निवाडा आपण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून करतो, लांबीचा त्यात फारसा वाटा नसतो. दहा दिवसांची सहल पाच दिवसांच्या दुप्पट आठवत नाही. पण त्या दहा दिवसांत तुम्ही जगलेले तास खरेच असतात, म्हणून विश्रांती हवी असेल तर दहा दिवस घ्या, आठवण हवी असेल तर पाच पुरे. परतीचं पहाटे चारचं विमान दोन हजारांनी स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. शेवटची रात्र जागून काढली तर ती सगळ्या सहलीवर पडते.

आणि तारीख लवकर पक्की करा. सुमारे दीड हजार डच लोकांवर २०१० मध्ये झालेल्या अभ्यासात सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा आनंदी दिसले ते जाण्याआधी. परत आल्यावर बहुतेकांत फरक उरला नव्हता. दोन महिने आधी काढलेल्या तिकिटात ते दोन महिनेही मिळतात.

अमेरिकेतून येताना थेट विमान घ्यावं की आखातात थांबणारं?

एकटे, तरुण असाल तर थांबणारं घ्या. लहान मूल किंवा पहिल्यांदाच विमानात बसणारे आईवडील असतील तर थेट. पहिल्यांदा येणाऱ्या आईला परक्या विमानतळावर चार तास गेट शोधत बसवण्यापेक्षा ते डॉलर गेलेले परवडतात. येणं तीन आठवड्यांचं असेल आणि थांब्याने दोन्ही बाजूंनी मिळून दिवसभर जात असेल, तर तो दिवस आजीच्या घरातला कमी होतो हेही बघा.

जाताना रस्ता संपत नाही, येताना पटकन घर येतं. अंतर तर तेच असतं?

नील्स व्हान द व्हेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे तपासलं. निघताना आपण फार आशावादी असतो, "पोचूच आता" म्हणतो, आणि रस्ता अपेक्षेपेक्षा लांब निघतो. परतताना मनाने लांब रस्त्याची तयारी केलेली असते, म्हणून तो छोटा वाटतो. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना निघतानाच खरा वेळ सांगा, पाऊण तास जास्त सांगितला तरी हरकत नाही. महत्त्वाचं म्हणजे हा फरक ओळखीच्या रस्त्यावर उरत नाही. दरवर्षी गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला विचारा. त्याला प्रत्येक घाट, प्रत्येक स्टेशन पाठ असतं, आणि जातानाचा नि येतानाचा रस्ता त्याला सारखाच लांब असतो. आमचे काका तर रोहा आलं की घड्याळ बघणंच सोडून देतात आणि डब्यातल्या सगळ्यांना सांगतात, "आता कोकण रेल्वे लागली, आता घाई नाही."